माणसं शोधणारा कुलगुरू

सी. व्ही. रामन १९०७ ते १९१७ या दहा वर्षांत कुठे नोकरी करत होते? क्विझमध्ये हा प्रश्न विचारला तर आपल्यापैकी नव्वद टक्के लोक एखाद्या कॉलेजचं किंवा लॅबचं नाव ठोकून देतील. खरं उत्तर आहे, सरकारी अर्थखातं! सर चंद्रशेखर वेंकट रामन हे चक्क अकाउंट्समधले मोठे साहेब होते. मधल्या काळात त्यांची रंगूनला आणि आपल्या नागपूरलाही बदली झाली होती. कलकत्त्यात असताना ऑफिसच्या आधी आणि ऑफिस सुटल्यावर ते बहूबाजार स्ट्रीटवरच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत जाऊन तंबोऱ्याच्या तारा कशा कंप पावतात असले प्रयोग करायचे. हा माणूस तसाच राहिला असता तर अकाउंटंट जनरल म्हणून छान पेन्शन घेऊन रिटायर झाला असता. तो तसा राहिला नाही, कारण एका हायकोर्ट जज्जाने त्याला हेरलं.

त्या जज्जाचं नाव सर आशुतोष मुखर्जी. बंगालमध्ये त्यांना 'बांग्लार बाघ' म्हणजे बंगालचा वाघ म्हणत. त्यांचा फोटो पाहिलात तर लगेच पटेल. भरघोस मिशा, भारदस्त शरीर, आणि समोरच्याला घाम फुटेल अशी नजर. आपल्याकडे मात्र ते श्यामाप्रसाद मुखर्जींचे वडील एवढंच फार तर माहीत असतं. या लेखात मी त्यांचं सगळं चरित्र सांगणार नाहीये. युनिव्हर्सिटीसाठी शिक्षक कसे शोधायचे, कसे आणायचे आणि कसे टिकवायचे, हे काम या माणसाने जसं केलं तसं भारतात फार थोड्यांनी केलं असेल. तेवढंच सांगायचं आहे.

आशुतोषांचा जन्म २९ जून १८६४ ला कलकत्त्यात झाला. वडील गंगाप्रसाद डॉक्टर होते. पोरगं गणितात भयंकर हुशार. कॉलेजात असतानाच त्याने युक्लिडच्या पहिल्या पुस्तकातल्या पंचविसाव्या सिद्धान्ताची एक नवी सिद्धता लिहून इंग्लंडच्या गणिताच्या मासिकात पाठवली आणि ती छापून आली. (आपण त्या वयात गाईडमधून सिद्धता पाठ करत होतो, हे सोडा.) १८८५ साली गणितात एम. ए., पुढच्याच वर्षी पदार्थविज्ञानात परत एम. ए., आणि त्याच वर्षी प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती. हे प्रेमचंद रायचंद म्हणजे मुंबईचे कापसाचे व्यापारी, ज्यांनी आईच्या नावाने मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर बांधायला पैसे दिले तेच. कलकत्ता विद्यापीठालाही त्यांनी दोन लाख रुपये दिले होते. आम्हाला टॉवर मिळाला, त्यांना शिष्यवृत्ती मिळाली. टॉवर सुंदर आहे, त्याबद्दल वाद नाही.

या तरुणाने डिफरन्शिअल इक्वेशन्सवर चांगले पेपर लिहिले. त्याला हवं होतं एकच, गणिताचा प्रोफेसर व्हायचं आणि संशोधन करायचं. आणि नेमकं तेच त्याला मिळालं नाही. शिक्षणखात्याचे डायरेक्टर सर आल्फ्रेड क्रॉफ्ट यांनी नोकरी देऊ केली होती, पण त्या काळी इंग्रज प्रोफेसरला एक पगार आणि एक दर्जा, तर हिंदी माणसाला त्याच कामासाठी कमी पगार आणि खालचा दर्जा. शिवाय कुठेही बदली. आशुतोषांनी इंग्रजांच्या बरोबरीचा दर्जा आणि संशोधनाची सोय मागितली. ते सरकारला परवडणारं नव्हतं. पुढे कलकत्ता विद्यापीठाचे पहिले हिंदी कुलगुरू गुरुदास बॅनर्जी यांनी त्यांच्यासाठी देणग्या गोळा करून गणिताची एक स्वतंत्र जागा निर्माण करता येते का ते पाहिलं. पैसे जमले नाहीत. आशुतोष वकिलीतच राहिले. १८९४ साली कायद्यातली डॉक्टरेट आणि १९०४ साली हायकोर्टाचे जज्ज. वकिली जोरात चालली, नाव झालं, पैसा झाला; पण गणित सुटलं ते सुटलंच.

मला वाटतं त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाची किल्ली इथे आहे. लायक माणूस असूनही एक खुर्ची आणि दरमहाचा पगार नसल्यामुळे विद्या कशी वाया जाते, हे त्यांनी स्वतः भोगलं होतं.

आता थोडं विद्यापीठाबद्दल. कलकत्ता विद्यापीठ मुंबई आणि मद्रासबरोबर १८५७ साली स्थापन झालं, पण सुरुवातीची पन्नास वर्षं ते जवळजवळ एक परीक्षा मंडळच होतं. कॉलेजांनी शिकवायचं, विद्यापीठाने पेपर काढायचे, तपासायचे आणि डिग्र्या वाटायच्या. स्वतःचे प्रोफेसर नाहीत, लॅब नाहीत. १९०४ च्या युनिव्हर्सिटीज अ‍ॅक्टमध्ये विद्यापीठांना स्वतः शिकवण्याची आणि प्रोफेसर नेमण्याची मुभा मिळाली. हा लॉर्ड कर्झनचा कायदा. विद्यापीठांवर सरकारी पकड घट्ट करण्यासाठी तो आहे म्हणून सगळ्या देशाने त्याच्यावर टीका केली, आणि ती बरोबरही होती. पण आशुतोषांनी कायदा वकिलाच्या डोळ्यांनी वाचला असावा. त्यातली ती एक फट त्यांनी बरोबर पकडली. १९०६ साली ते कुलगुरू झाले आणि १९१४ पर्यंत लागोपाठ राहिले. हे पद बिनपगारी. दिवसभर हायकोर्टात खटले ऐकायचे आणि उरलेल्या वेळात विद्यापीठ चालवायचं.

पण प्रोफेसर नेमायचे तर पगार कुठून आणायचा? सरकार हात आखडता घेत होतं. इथे आशुतोषांची वकील मंडळींतली ओळख कामाला आली. तारकनाथ पालित या बॅरिस्टरांनी १९१२ साली सुमारे पंधरा लाखांची जमीन आणि पैसे विद्यापीठाला दिले. पुढच्या वर्षी रासबिहारी घोष या दुसऱ्या मोठ्या वकिलाने दहा लाख दिले. त्या काळचे लाख, मित्रांनो! या पैशांतून २७ मार्च १९१४ ला युनिव्हर्सिटी कॉलेज ऑफ सायन्सची कोनशिला बसली, आणि फिजिक्स, केमिस्ट्री, उपयोजित गणित, वनस्पतिशास्त्र यांच्या प्रोफेसरांच्या जागा निर्माण झाल्या. देणगीच्या अटींत होतं की या जागांवर हिंदी माणसंच नेमायची. ज्या भेदामुळे आशुतोषांची स्वतःची संधी गेली होती, तो या जागांपुरता तरी कागदावरच मिटवून टाकला. म्हणून आशुतोष परदेशी लोकांच्या विरुद्ध होते असं मात्र नाही. हार्डिंज यांच्या नावाच्या गणिताच्या जागेवर त्यांनी डब्ल्यू. एच. यंग या इंग्रज गणितज्ञालाच आणलं होतं.

आता खरी गंमत. जागा आहेत, पैसे आहेत. आपल्याकडे पुढे काय होतं? पेपरात जाहिरात येते, अर्ज येतात, डिग्र्या मोजतात, गुणांचा तक्ता भरतात, इंटरव्ह्यू होतो, मग कोणीतरी कोर्टात जातं. आशुतोषांची पद्धत उलटी होती. आधी माणूस हेरायचा, आणि नंतर तो नियमात कसा बसतो ते पाहायचं.

रामन यांचंच पाहा. त्यांच्याकडे पीएच. डी. नव्हती, परदेशी शिक्षण नव्हतं, कॉलेजात शिकवण्याचा अनुभव नव्हता. वय पंचविशीचं. होते ते फक्त पेपर, ऑफिसची नोकरी सांभाळून लिहिलेले. आशुतोषांनी १९१४ साली त्यांना पालित प्रोफेसरची जागा देऊ केली. पगार अर्थखात्यातल्या पगाराच्या साधारण निम्मा! तरी रामन यायला तयार होते, पण घोडं भलतीकडेच अडलं. नेमणूक झालेल्याने परदेशी जाऊन तयारी करून यावं अशी अट होती आणि रामन म्हणाले मी शिकायला परदेशी जाणार नाही. दुसरा कोणी असता तर फाईल बंद करून पुढच्या उमेदवाराला बोलावलं असतं. इथे अट शिथिल झाली, आणि वेळ लागला तरी जागा त्यांच्यासाठीच राहिली. जुलै १९१७ मध्ये रामन रुजू झाले. शिवाय त्यांनी मुख्यतः संशोधन करावं, एम. एस्सी.च्या वर्गांची सक्ती त्यांच्यावर नाही असंही ठरलं. (तरी ते शिकवायचेच.) केमिस्ट्रीच्या पालित जागेवर आले प्रफुल्लचंद्र राय, प्रेसिडेन्सी कॉलेजातून १९१६ साली रिटायर झालेले. म्हणजे एका जागेवर अठ्ठाविशीचा पोरगा आणि दुसरीवर पंचावन्न वर्षांचे आचार्य! साठी ओलांडल्यावर प्रफुल्लचंद्रांनी आपला पगार विद्यापीठालाच देऊन टाकला.

घोष जागांपैकी वनस्पतिशास्त्राची जागा मिळाली आपल्या मालवणच्या माणसाला, शंकर पुरुषोत्तम आघारकर यांना. आघारकर मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजात होते. सह्याद्रीत भटकताना साताऱ्याकडच्या नद्यांमध्ये त्यांना गोड्या पाण्यातला जेलीफिश सापडला आणि त्यामुळे त्यांचं नाव झालं. जेलीफिश हा प्राणी, जागा वनस्पतिशास्त्राची! आज स्क्रूटिनीमध्ये पहिल्याच टेबलावर अर्ज बाद झाला असता. नेमणूक झाल्यावर आघारकर आणि फिजिक्सचे घोष प्रोफेसर देवेंद्रमोहन बोस तयारीसाठी जर्मनीला गेले आणि नेमकं १९१४ चं महायुद्ध पेटलं. दोघेही शत्रूच्या देशात अडकले. विद्यापीठाने त्यांच्या जागा राखून ठेवल्या. युद्ध संपल्यावर दोघे बर्लिनच्या डॉक्टरेट घेऊन परत आले. आघारकर पुढे १९४६ पर्यंत कलकत्त्यात होते. नंतर पुण्यात येऊन त्यांनी महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी केली. पुण्यातल्या लॉ कॉलेज रोडजवळच्या ज्या संस्थेला आज आघारकर संशोधन संस्था म्हणतात ती हीच.

दुसरे मराठी गृहस्थ म्हणजे देवदत्त रामकृष्ण भांडारकर, सर रामकृष्णपंतांचे चिरंजीव. ते पुरातत्त्व खात्यात होते, बेसनगरचं उत्खनन त्यांनी केलं होतं. म्हणजे हेही कॉलेजातले नव्हेत. ज्या १९१७ साली वडिलांच्या नावाने पुण्यात भांडारकर संस्था सुरू झाली, त्याच साली मुलगा कलकत्त्यात प्राचीन भारतीय इतिहासाचा कारमायकेल प्रोफेसर झाला आणि १९३६ पर्यंत तिथेच राहिला. १९२१ मध्ये म्हैसूरहून तत्त्वज्ञानाच्या जागेसाठी बत्तीस वर्षांच्या सर्वपल्ली राधाकृष्णन यांना आणलं. त्यांची सगळी डिग्री मद्रासची, परदेशाचा शिक्का नाही. मद्रासी, मराठी, बंगाली, कोण कुठला हे बघितलंच नाही. कलकत्त्यातल्या काही लोकांना ते आवडलं नसणार हे उघड आहे.

पण मला सगळ्यात जास्त आवडलेली नेमणूक यातली एकही नाही. १९१५ साली मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस एम. एस्सी. झाले, बोस पहिले आणि साहा दुसरे. वय एकवीस-बावीस, म्हणजे आपल्यापेक्षा एखाद-दोन वर्षांनी मोठे. ही पोरं आणि त्यांचे मित्र आशुतोषांना भेटले आणि नव्या कॉलेजात आधुनिक फिजिक्स शिकवायला हवं म्हणू लागले. आशुतोषांनी विचारलं की तुम्ही काय शिकवू शकाल? पोरांना तरी कुठे काय येत होतं! रिलेटिव्हिटी आणि क्वांटम थिअरी हे विषय तेव्हा भारतात कोणाच्याच सिलॅबसमध्ये नव्हते. आशुतोषांनी त्यांना शिष्यवृत्ती दिली आणि वाटून दिलं, की तुम्ही हे आधी स्वतः शिका आणि मग शिकवा. १९१६ साली दोघे लेक्चरर झाले. त्यांच्यातला तिसरा मित्र शैलेन घोष लॅब उभारणार होता, पण क्रांतिकारकांशी संबंध असल्यामुळे पोलीस मागे लागले आणि तो अमेरिकेला निसटला.

युद्धामुळे नवी पुस्तकं येत नव्हती. मग या दोघांना पत्ता लागला एका इंजिनिअरिंग कॉलेजचा! शिबपूरच्या बेंगॉल इंजिनिअरिंग कॉलेजात (आताचं आयआयईएसटी) डॉ. ब्रूल नावाचे मूळचे जर्मन प्रोफेसर होते. त्यांच्या कपाटात प्लांक, बोल्ट्झमान वगैरेंची जर्मन पुस्तकं होती. ती आणून, जर्मन शिकून, दोघांनी अभ्यास केला आणि रात्री वाचलेलं दुसऱ्या दिवशी वर्गात शिकवलं. आधी त्यांना गणित विभागात घातलं होतं. तिथले घोष प्रोफेसर गणेशप्रसाद फार मोठे गणिती, पण फार कडक, त्यांच्याशी पोरांचं जमेना. तेव्हा आशुतोषांनी त्यांना फिजिक्समध्ये हलवलं. डिपार्टमेंट हेडशी भांडण झालं तर ज्युनिअर लेक्चररचं काय होतं हे आपण सगळे जाणतो, त्यामुळे ही साधी वाटणारी बदली मला फार मोठी वाटते. १९२० साली कलकत्ता विद्यापीठाने आइन्स्टाइन आणि मिन्कोव्हस्की यांच्या रिलेटिव्हिटीवरच्या पेपरांचं साहा-बोस यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर छापलं. त्याच वर्षी साहांचं आयनायझेशनचं समीकरण प्रसिद्ध झालं, ज्यावरून ताऱ्यांची तापमानं काढता येऊ लागली.

सगळं असं गोड गोडच नव्हतं. १९१३ साली विद्यापीठाने रसूल, सुऱ्हावर्दी आणि इतिहासकार काशीप्रसाद जयस्वाल अशा तिघांना लेक्चरर नेमायचं ठरवलं, तर सरकारने त्यांच्या राजकारणाचं कारण दाखवून मंजुरी नाकारली. धर्मानंद कोसंबींचं तर वेगळंच. गोव्यातल्या सांखवाळचा हा माणूस घरदार सोडून सिलोन आणि ब्रह्मदेशात पाली शिकून आला होता, आणि त्याच्याकडे कुठल्याही विद्यापीठाची डिग्री नव्हती. तरी कलकत्ता विद्यापीठाने त्यांना पाली शिकवायला घेतलं. पण १९०८ च्या सुमारास बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांना महाराष्ट्रात राहून काम करण्यासाठी दरमहा पन्नास रुपये देऊ केले. कलकत्त्याच्या पगारापुढे ही रक्कम किरकोळ होती. आशुतोषांनी थांबवायचा प्रयत्न केला, पण कोसंबींना आपल्या माणसांत पाली आणि बौद्ध धर्म न्यायचा होता आणि ते निघून आले. पगाराने सगळीच माणसं थांबत नाहीत, कमी पगारामुळेच जातात असंही नाही.

आशुतोषांच्या विरोधातही बरंच बोललं गेलं, आणि ते सगळं खोटं नव्हतं. पदव्युत्तर विभागाचा खर्च मोठ्या प्रमाणात मॅट्रिकपासूनच्या परीक्षांच्या फीमधून चालायचा. जितकी मुलं परीक्षेला बसतील तितके पैसे जास्त. त्यामुळे विद्यापीठ पास करणं सोपं करून गल्ला भरतंय अशी टीका झाली. शिवाजी महाराजांचं चरित्र लिहिणारे जदुनाथ सरकार यांनी विद्यापीठाच्या घसरलेल्या दर्जावर फार कडक लिहिलं. मला विचाराल तर मॅट्रिकच्या लाखो मुलांच्या फीवर मूठभर प्रोफेसरांचं संशोधन चालणं हा काही न्याय नव्हे. आणि सगळी निवड एका माणसाच्या नजरेवर. त्या माणसाची नजर चांगली होती म्हणून निभावलं. १९१४ ते १९२१ ते कुलगुरू नव्हते, तरी पदव्युत्तर विभागाची सूत्रं त्यांच्याच हातात होती. अशा कारभारात चुकीचा माणूस वर बसला तर काय होईल याची कल्पनाच करवत नाही. गुणांचा तक्ता बहुधा त्या भीतीपोटीच जन्माला आला असेल.

१९२१ साली ते पुन्हा कुलगुरू झाले तेव्हा विद्यापीठ कर्जात होतं आणि प्राध्यापकांचे पगार द्यायचे वांधे होते. १९२२ साली बंगाल सरकारने अडीच लाख रुपये देऊ केले, पण हिशेबावर आणि कारभारावर सरकारची देखरेख अशा अटींवर. पगार थकलेले असताना ही रक्कम नाकारायची म्हणजे खायचं काम नव्हतं. तरी सिनेटमध्ये आशुतोषांनी अटींना ठाम विरोध केला. आज हिशेब तपासतील, उद्या कोणाला नेमायचं आणि काय शिकवायचं हेही सांगतील, हा त्यांचा मुद्दा होता. १९१३ साली त्यांनी ते पाहिलंच होतं. सिनेटने पैसे नाकारले. १९२३ मध्ये गव्हर्नर लॉर्ड लिटन यांनी सरकारला विरोध न करण्याच्या अटीवर परत कुलगुरूपद देऊ केलं. आशुतोषांनी असं खरमरीत पत्र लिहून ते झिडकारलं की ते सगळ्या देशात गाजलं.

त्याची किंमतही पडलीच. लॅबला पैसे नाहीत म्हणून साहा त्याच वर्षी अलाहाबादला गेले. बोस तर १९२१ मध्येच नव्या ढाका विद्यापीठात गेले होते. आपल्याकडे तासिका तत्त्वावरचे सर सेमिस्टरच्या मधेच दुसरीकडे पर्मनंट मिळाली म्हणून जातात तेव्हा आपण त्यांना नावं ठेवतो, पण त्यांचा हिशेबही साधारण हाच असतो.

१९२३ च्या अखेरीस आशुतोष हायकोर्टातून निवृत्त झाले आणि परत वकिली करू लागले. डुमरावच्या खटल्यासाठी ते पाटण्याला गेले होते. तिथेच २५ मे १९२४ ला, साठीला महिनाभर बाकी असताना, त्यांचं निधन झालं. रामन यांना १९३० साली मिळालेलं नोबेल त्यांना पाहायला मिळालं नाही. आणि ते गेल्यानंतर दहाच दिवसांनी, ४ जून १९२४ ला, ढाक्याहून सत्येंद्रनाथ बोसांनी आपला पेपर आणि सोबत एक पत्र बर्लिनला आइन्स्टाइनच्या नावाने पोस्टात टाकलं. तेच पुढे बोस-आइन्स्टाइन स्टॅटिस्टिक्स म्हणून आपल्या फिजिक्सच्या पुस्तकात आलं.